गाडीवर असताना येणारा फोन कुणाचा असतो?

गेल्या महिन्यात आपल्या रेडिओवर गाडी चालवण्याबद्दल दोन भागांत गप्पा झाल्या. त्यानंतर बऱ्याच गटांनी निरोप धाडला की दुपारी रानात असल्यामुळे ऐकायचं राहिलं, तेव्हा हे मासिकात छापा. म्हणून ते बोलणं थोडं नीट करून इथे देतो आहोत. बैठकीत एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, गाडी तर पुरुष चालवतात, बायकांना सांगून काय उपयोग? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी जे सांगितलं, त्यानंतर हा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

ताईंचे मालक तालुक्याहून मोटारसायकलवर परत येत होते. संध्याकाळची वेळ होती. ताईंनी फोन केला, येताना गिरणीतलं दळण घेऊन या. एवढंच काम. त्यांनी एका हाताने खिशातला फोन काढला आणि कानाला लावला. समोरून ट्रक आला म्हणून गाडी कडेला घेतली, तर चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरलं. डांबर आणि मुरूम यांच्यात वीतभर खाच होती. एका हाताने हँडल सावरलं नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि दोन महिने काम बंद राहिलं. गटाचे दोन हप्ते थकले ते त्यामुळेच. हप्ते का थकले हे आम्ही विचारलं तेव्हा ताई नुसतं 'अपघात झाला' म्हणाल्या होत्या. फोन आपला होता, हे सांगायला त्यांना सहा महिने लागले. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पडताना फोन चालूच होता. मी सगळं ऐकलं."

बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग एकेकीने आपापला फोन काढून बघितला, दिवसात किती वेळा आणि कुणाला लावला. नवरा, मुलगा, भाऊ, दुधाच्या गाडीवरचा दीर, वडापवाला दादा. निम्मे फोन 'कुठवर आलात?' एवढं विचारायला केलेले. आणि 'कुठवर आलात' हा प्रश्न आपण विचारतोच मुळी वाटेवर असलेल्या माणसाला.

ताईंचा दोष किती आणि त्यांच्या मालकांचा किती, हा हिशोब आम्ही मांडला नाही. फोन उचलायचा की नाही हे गाडीवरच्याच्या हातात असतं, हे खरंच. पण घरातून फोन आला आणि उचलला नाही तर रात्री काय ऐकावं लागतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्या भीतीने उचलणारे बरेच आहेत.

आता फोनमुळे नेमकं काय होतं ते बघू. एक हात अडकतो, हे सगळ्यांना दिसतं. डोळे खाली जातात, हेही कळतं. पण मनही जातं, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. तव्यावर भाकरी टाकली आहे, डोळे तव्याकडेच आहेत, आणि दारात कुणीतरी येऊन सोयरिकीची गोष्ट काढली. भाकरी डोळ्यांदेखत करपते. डोळे उघडे होते, पण ते बघत नव्हते. गाडीवर अगदी हेच होतं. म्हणून कानात वायर घालून बोललं किंवा स्पीकरवर ठेवलं तर चालतं, हा समज सोडावा लागेल. त्याने हात मोकळे राहतात एवढंच. भांडणाचा, पैशाचा किंवा दवाखान्याचा विषय निघाला की रस्ता डोळ्यांपुढे असून दिसत नाही. आपल्या मुली फोन स्कार्फमध्ये खोचून बोलत जातात, त्यांना हे मुद्दाम सांगा. शिवाय त्या स्कार्फने आणि फोनने एक कान बंद झालेला असतो. मागचा हॉर्न त्याच कानाला ऐकू यायला हवा होता.

थोडा हिशोब करू. आपण गटाचे हिशोब ठेवतो, हा अवघड नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ४० म्हणजे काही फार वेग नव्हे, स्कुटीही सहज तेवढी पळते. फोनवर कुणाचं नाव आलंय हे बघायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेलेली असते, म्हणजे साधारण तीन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तेवढी. आपण डोळे मिटून तीन एसट्यांएवढं अंतर गेलो. ताशी ६० असेल तर तीन सेकंदांत ५० मीटर. हे झालं नुसतं बघण्याचं. पुढे काही आडवं आलंय हे मेंदूला कळून हात ब्रेकवर जायला आणखी एखादा सेकंद जातो. ब्रेक दाबल्यावरही गाडी लगेच उभी राहत नाही. आणि इथे एक गोष्ट आपल्या अंदाजाबाहेरची आहे: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ओला रस्ता, सांडलेली मळी किंवा पसरलेली खडी असेल तर त्याहूनही जास्त.

आमच्या गटांनी यावर एक साधी सवय लावून घेतली. फोन लागला की पहिलं वाक्य 'गाडीवर आहात का?' हो म्हणाले की 'थांबून करा' म्हणायचं आणि फोन आपणच ठेवायचा. काम सांगत बसायचं नाही. दळण, औषध, बाजार जे काही असेल ते माणूस घरातून निघायच्या आधी सांगायचं, किंवा मेसेज करून ठेवायचा, तो पोचल्यावर बघेल. सुरुवातीला घरातल्यांना हे विचित्र वाटलं. एका सासूबाईंनी तर विचारलं, भांडण झालंय का, बोलायच्या आधीच फोन का ठेवतेस? आता त्यांनाच सवय झाली आहे. आणि गाडीवरच्याने फोन उचलला नाही तर रागवायचं नाही. उशीर झाला की जीव टांगणीला लागतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण दहा वेळा रिंग दिल्याने तो लवकर येत नाही.

आता वडापकडे वळू. वडापमध्ये आपण बसतो ते मागे, कोंबलेल्या. चालवणारा ओळखीचाच असतो, भावकीतला किंवा शेजारचा. त्याच्या एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन. बोलायचं तर संकोच वाटतो. उद्या त्याच्याच गाडीत बसायचंय, त्याने वाटेत थांबायचं सोडलं तर? ही अडचण खरी आहे, कुणी ती हसण्यावारी नेऊ नये. आम्ही काही चालकदादांशी बोललो. ते म्हणाले, फोन आमचे नसतात, पुढच्या थांब्यावर उभ्या असलेल्या सवाऱ्यांचे असतात: किती वेळ लागेल, जागा आहे का? नाही उचलला तर सवारी दुसऱ्या गाडीने जाते आणि खेप रिकामी पडते.

म्हणजे इथेही फोन आपलाच. यावर एका गावच्या बायकांनी काढलेली तोड आम्हाला फार आवडली. पुढच्या सीटवर जी बसेल तिने दादाचा फोन सांभाळायचा. आला की तीच उचलते आणि सांगते, 'फाट्यापर्यंत आलोय, दोन जागा आहेत.' दादाची सवारी जात नाही आणि त्याचे हात मोकळे राहतात. त्याला कमीपणाही वाटत नाही, कारण कुणी त्याला शिकवायला गेलं नाही, हातभार लावला. जिथे एवढं जमत नाही तिथे 'दादा, बाजूला घ्या, बोलून घ्या, आम्हाला घाई नाही' असं म्हणावं. एकटीने म्हणण्यापेक्षा दोघीतिघींनी म्हटलं की जड जात नाही. पुढे बसणारीने सीटबेल्टही लावायचा. तो सीटखाली खोचून ठेवलेला असतो, ओढून काढायचा.

आता आपण स्वतः चालवतो त्याबद्दल. गटाच्या कर्जातून बऱ्याचजणींनी स्कुटी घेतली. कुणी शिवणाचे कपडे पोचवते, कुणी आशाताई आहे, कुणी दूध घालते. आम्हाला याचा अभिमान आहे. पण स्कुटी आली तशा काही सवयीही आल्या. हँडलला दोन्हीकडे पिशव्या किंवा किटल्या अडकवतो, मग वळताना हँडल पूर्ण फिरत नाही. पायांपाशी सिलेंडर ठेवतो. तिथेच पुढे पोरगं उभं करतो, वारा लागतो म्हणून त्याला झोप येते आणि डोकं हँडलवर आपटतं. अचानक ब्रेक दाबला तर सगळ्यात आधी तेच पुढे फेकलं जातं. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या लेकराला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि डोक्याला हेल्मेट हवं, आणि वेग ४० च्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो पट्टा आपल्या बाजारात सहज मिळत नाही, हेही खरं. मिळत नसेल तर लहान लेकराला स्कुटीवर एकटीने न्यायचं टाळावं. मागे कुणीतरी मोठं माणूस धरायला असावं.

पदर आणि ओढणी हा तर खास आपला धोका. मागे एका अंगाला बसतो, पदर वाऱ्याने उडतो आणि चाकात जातो. गळ्याभोवती ओढणी असेल तर एका क्षणात फास बसतो. बसायच्या आधी पदर पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा, ओढणी छातीवरून तिरकी घेऊन गाठ मारा. मोटारसायकलच्या डाव्या बाजूला मागच्या चाकावर जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. ती शोभेची नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी आणि पाय ठेवायला जागा हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये, १२३ क्रमांकाच्या नियमात, लिहिलेलं आहे. आपली पोरं मात्र गाडी देखणी दिसावी म्हणून सगळ्यात आधी तीच जाळी काढून टाकतात. घरची गाडी आज जाऊन बघा, जाळी आहे का. जमेल तिने दोन्हीकडे पाय टाकूनच बसावं, तोल नीट राहतो. आमच्यातल्या एक आजी म्हणतात, नऊवारी असती तर हा प्रश्नच आला नसता, तुम्ही सहावारीवाल्यांनी तो करून ठेवलाय. बरोबरच आहे त्यांचं.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणारीला, दोघांनाही लागतं. आयएसआयचा शिक्का बघून घ्यायचं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्यावर टोपलं ठेवल्यासारखं असतं, पडताना ते आधी निघून जातं. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, असं केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातली दर शंभरातली चव्वेचाळीसच्या वर दुचाकीवरची होती.

आता एक जरा कडू गोष्ट. गटाच्या कर्जातली स्कुटी ताईंच्या नावावर असते आणि चालवतो त्यांचा नववीतला मुलगा. 'इथल्या इथे तर जातो', 'डेअरीला दूध घालून येतो.' सोळा वर्षांच्या मुलाला लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या स्कुट्या १०० सीसीच्या वरच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण हवीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी ताईंच्या नावावर आहे म्हणजे मालक ताई. कुणाला धडक बसली आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसलं, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम आपल्या अख्ख्या गटाच्या बचतीहून मोठी असू शकते. म्हणून आमच्या काही गटांनी ठरवलं आहे की स्कुटीसाठी कर्ज देताना ताईंचं शिकाऊ लायसन तरी आधी बघायचं, आणि किल्ली कुठे ठेवता तेही विचारायचं. यावर वाद झाला. एका ताईंना हा त्यांच्या घरातला कारभार वाटला. आम्हाला मात्र तो गटाचा वाटतो.

गाडी चालवताना हातात फोन धरणं हेही याच कायद्याने धोकादायक चालवण्यात मोजलं जातं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दारू पिऊन चालवण्याबद्दल इथे लांबवत नाही, तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एकच सांगतो: प्यालेल्या माणसाच्या मागे बसून जायची वेळ आली तर लाज सोडा, बसू नका, नातेवाइकांकडे मुक्काम करा.

हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते बदलतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, पाठीमागे लाल दिवा नाही आणि रेडियमही नाही. ट्रॅक्टरवर भलामोठा साउंड. गाण्याला आमचा विरोध नाही, आमचं तर दुकानच आवाजाचं आहे. पण त्या आवाजात मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू जात नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. उतारावर मागची ट्रॉली पुढच्याला रेटते. अशा वेळी एका हाताने गाणं बदलणं किती महागात पडतं ते वेगळं सांगायला नको.

त्यात झोप. कारखान्याच्या आवारात नंबर लागायला रात्र जाते. पहाटे ऊस खाली होतो आणि तसाच माणूस परत फडावर निघतो. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत शरीर झोप मागतंच, चहा आणि तंबाखूने ती जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. डोळा लागला की माणसाला स्वतःला ते कळतही नाही. सर्दीखोकल्याच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, तेव्हा गोळी घेताना दुकानात विचारावं. घरच्या बाईने आग्रह धरावा तो झोपेसाठी. नंबर लागेपर्यंत तास-दोन तास पाठ टेकली तरी फरक पडतो.

टोळीतल्या बायकांची स्थिती आणखी अवघड. लेकरं घेऊन उसाच्या भाऱ्यावर बसून जायचं, नाहीतर मडगार्डवर. ट्रॅक्टर हे एका माणसाच्या बसण्याचं यंत्र आहे. मडगार्डवर बसलेली बाई खड्ड्यात उडाली तर ती थेट मोठ्या चाकापुढे पडते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या लोखंडी दांडीवर उभं राहणं तर त्याहून वाईट. मुकादमाला 'वेगळी गाडी द्या' म्हणणं एकट्या बाईला शक्य नाही, हे कळतं. पण गावातल्या गटांनी हा विषय ग्रामसभेत आणि कारखान्याच्या शेतकी खात्याकडे मांडला तर निदान चर्चा होते. रेडियमचं तसं नाही, ते आपल्या हातात आहे. ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल पट्ट्या लावायला फार खर्च येत नाही. फक्त त्या उसाने किंवा वाड्याने झाकल्या जाऊ नयेत.

दगडांचं मात्र बोललंच पाहिजे. ट्रॉलीचं टायर बसलं की मागेपुढे मोठे दगड लावतात. टायर बदलून ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री पुढची मोटारसायकल त्यावर. आपल्या पोरांना सांगा, दिसला दगड की थांबून बाजूला करा.

अपघात दिसला तर थांबावं की नाही, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या बदलात ते कायद्यातच आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत, किंवा ११२ लावा. कुठे आहात ते नीट सांगा: गाव, फाटा, जवळचा किलोमीटरचा दगड. पडलेल्याला उगाच उठवून बसवू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पदर चालतो.

भाग संपल्यावर त्या ताईंचा आम्हाला फोन आला. मालक परत कामावर जायला लागले आहेत. घरातून निघताना फोन ताईंच्या शिवणाच्या पिशवीसारख्या छोट्या थैलीत घालून सीटखाली ठेवतात. पोचल्यावर काढतात. "मग तोवर मला करमत नाही," ताई म्हणाल्या, "म्हणून मी तुमचा रेडिओ लावते."